तुळसाबाईच्या गाईचा चीक

"सरक वं मांगं! अंगाले लागू नोको!" पुष्पानं पदर तोंडाला लावला. परवापर्यंत हीच शेजारची पुष्पा तुळसाबाईच्या ओट्यावर बसून डाळ निवडत होती.

लस टोचून घ्यायला अख्खी गल्ली आली होती; दवाखान्याची रांग फाटकाबाहेर गेली होती. ऊन चढलं होतं. तुळसाबाईची गाय व्यायली, तेव्हा रीतीप्रमाणे तिनं पहिल्या दुधाचा चीक गूळ घालून वाफवला आणि गल्लीत घरोघरी वाटी पोचवली. पुढं गाय पाणी पिईना, लाळ गाळत हंबरू लागली, आणि आज मेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गाईला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. त्यात नुकताच गल्लीतल्या रवीनं समाजमंदिराच्या भिंतीवर एक जुना भुताटकीचा सिनेमा दाखवला होता. एका चावलेल्या माणसापासून त्यात अख्खं गाव पिसाळतं.

"सिनेमातली बाईबी अशीच गप होती," रवी म्हणाला. "मंग एकदम भुकली."

"तुह्या सिनेमाले आग लागो!" तुळसाबाईचा नवरा पंजाबराव खेकसला. "सकाळपासून कापूस वेचून आलेली बाई गप नाई राहीन तं काय नाचन?"

"म्या तं दोन वाट्या खाल्ल्या, माय!" म्हातारे सदाशिवराव रडकुंडीला आले.

"फुकटचा होता म्हून दोन," पुष्पा म्हणाली.

दीपा सिस्टर बाहेर आली. "चीक वाफवला होता ना? मग भीती नाही, घरी जा. गाईच्या तोंडात हात कोणी घातला होता?"

तुळसाबाईनं उजवा हात वर केला. घशात काही अडकलं असेल म्हणून तिनं कोपरापर्यंत हात घालून चाचपलं होतं. तिची सासूही तेच करायची. बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, ताजे.

"खरी गरज हिला आहे. लस थोडीच उरली आहे, हिला पुढं येऊ द्या."

कोणी जागचं हललं नाही.

तुळसाबाईला उभं राहवेना. "चाला घरी," ती नवऱ्याला म्हणाली. "वासरू उपाशी हाये."

"लस न घेता गेलात तर नंतर काहीच करता येणार नाही," दीपा म्हणाली.

"म्हंजे पिसाळन?" रवीनं विचारलं.

"हो."

रांग मधोमध फाटली. माणसं दोन्ही भिंतींना चिकटली.

"पहिले हिले टोचा, बाई!" पुष्पा किंचाळली. "पिसाळली तं पहिले माह्याच दारात येईन!"

तुळसाबाई मोकळ्या वाटेनं आत गेली. दीपानं साबण लावून हात पुष्कळ वेळ धुतला, दोन्ही दंडांत टोचलं. जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शन यवतमाळला मिळणार होतं, तिकडं लगेच जायचं होतं.

बाहेर ऑटो भरलेला होता. ती दोघं येताना दिसताच माणसं पटापट उतरली. एरवी त्यात दुसऱ्याच्या मांडीवर बसून जावं लागतं.

"पाय लांब कर," पंजाबराव पुढं, ड्रायव्हरशेजारी बसत म्हणाला. "अख्खी सीट तुहीच हाये."

तिनं भेगाळलेल्या टाचा सीटवर घेतल्या. "वासराले कोन पाजन?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तिचा डोळा लागला.