मशीनची पूजा

केसरबाईंनी पांढरी झंपरं शिवायला दिली, तेव्हा चामोर्शीच्या बाजारातले शिंपी काही संपले नव्हते. तरी त्या भागीरथेकडेच आल्या. उद्या सकाळच्या बसनं त्यांच्या घरच्या बाया पांढरी लुगडी नेसून चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाणार होत्या. भागीरथेचं हे पहिलंच बाहेरचं काम, आणि नेमकी आजच मशीन रुसली.

वरून टीप सरळ, खाली मात्र धाग्याच्या नुसत्या झिपऱ्या. तिनं धाग्याला ताण देणारा टेन्शनचा पेच आवळला, आणखी आवळला, सैल केला, बॉबिन बदलली. ढिम्म फरक नाही. दसऱ्याआधी तर बिचारी गुमान चालत होती!

"नजर लागली वाटते," दाराशी बसलेल्या सासूबाई, अंजनाबाई, म्हणाल्या. "नवमीले मी सोता पूजा केली तिची. हळदकुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या. मंग काऊन अशी करून राह्यली?"

मशीन घरात आली ती या म्हातारीमुळे. "बाईमाणसाले कायले पायजे मशीन?" म्हणून भागीरथेचा नवरा श्रावण अडून बसला, तर अंजनाबाईंनी पोटच्या पोराशी अबोला धरला. शेवटी तोच मुकाट्यानं बैलगाडीत घालून मशीन घेऊन आला. आज काम बिघडलं तर त्याला बोलायला तोंड मिळणार होतं, आणि ते बोलणं अंजनाबाईंना ऐकावं लागणार होतं.

टेन्शन उघडू नका, स्प्रिंग उडाली तर सापडायची नाही, असं शिवणवर्गात बजावलेलं. भागीरथेनं मांडीवर पदर पसरला आणि पेच पुरता उघडला. धागा ज्या दोन चकत्यांमधून दाबून जातो, त्यांच्या मधोमध हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा दाणा ठाण मांडून बसला होता. चकत्या मिटतच नव्हत्या, तर धागा धरणार कोण?

तिला हसू फुटणार होतं. तेवढ्यात तिनं वळून पाहिलं. अंजनाबाई देवाला हात जोडत होत्या. "माझंच काई चुकलं असन पूजेत. लेकराले त्रास नको देऊ."

भागीरथेचे डोळे भरून आले. तिनं गुपचूप दाणा तोंडात टाकला.

"काय होतं व?"

"काई नाई आत्याबाई. कचरा होता जरासा."

संध्याकाळी केसरबाईंनी झंपर उलटं करून पाहिलं. "आतूनबी साफ हाय, अंजनाबाई. सुनेच्या हातात कला हाय." दिवसभराची चिंता विसरून म्हातारी खुदकन हसली. हिच्या पदरात आपण पडलो हे आपलं भाग्य, असं भागीरथेला मनापासून वाटलं.

पुढच्या नवमीला अंजनाबाईंनी मशीन पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. अक्षतांची वाटी मात्र त्यांनी भागीरथेच्या हातात दिली.

"तिले नको तांदूळ," त्या म्हणाल्या. "तुले सवय हाय खायची."

भागीरथा वाकली ती आधी त्यांच्या पायांवर, मग मशीनपुढे.