हिमोचे कोपरे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. माझ्या तोंडावर रंगाने ‘हिमो’ असं लिहिलंय. हिमो म्हणजे रक्त. शब्द ग्रीक, लाकूड मात्र मोडक्या खाटेचं.

इस्पितळाच्या सुताराने आम्हा भावंडांना घडवलं ते परिचारिकांना शिकवणाऱ्या बाईंसाठी. प्रत्येकावर वैद्यकीय शब्दाचा एकेक तुकडा. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसली की शब्द तयार. माझ्यामागे ‘ग्लोबिन’ लागला की माझा भाव वधारायचा. हिमोग्लोबिन वाढलं की घरोघरी आनंद. माझा चुलतभाऊ ‘इमिया’. अर्थ त्याचाही रक्तच, पण तो कायम शेपटाला. ॲनिमिया म्हणा, ल्यूकेमिया म्हणा, बिचाऱ्याच्या वाट्याला कौतुक कधी आलंच नाही.

बाईंचा एक दंडक होता. जिची जोडी चुकेल तिने तो ठोकळा दिवसभर एप्रनच्या खिशात वागवायचा. एका मुलीला सगळ्या ‘गडबड’ म्हणत. तिने एकदा मला इमियालाच जोडलं.

“पाण्यात पाणी ओतलंस गं,” बाई म्हणाल्या, आणि माझी रवानगी तिच्या खिशात झाली.

असा मी मुलांच्या वॉर्डात पोचलो. खिडकीजवळच्या खाटेवर नुकतंच चालायला लागलेलं एक पोर होतं. पडून ओठ फुटला होता आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर बापाला ‘हिमोफिलिया’ असं सांगून पुढच्या खाटेकडे गेले. बापाने पिशवी भरायला घेतली. एवढ्या लांब नावाच्या दुखण्यातून कोणी वाचत नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. पोर निदान आईच्या मांडीवर तरी असेल, असं तो पुटपुटत होता. रक्त गोठवणारं इंजेक्शन यायला अजून वेळ होता. पोर आत्ता बाहेर पडलं असतं, तर ते रक्त थांबलं नसतं.

गडबडने मला खिशातून काढून बापाच्या तळहातावर ठेवलं.

“हा तुमच्या शब्दाचा अर्धा भाग, दादा. हिमो म्हणजे रक्त.”

“आणि उरलेला?”

“फिलिया. म्हणजे ओढ, आवड.”

बापाने मला उलटंपालटं केलं. “रक्ताची आवड? अहो ताई, हा तर ते उधळतोय.”

“नाव ठेवणाऱ्याची अक्कल,” ती म्हणाली. “पण नाव आहे ना दादा, म्हणजे हा पहिला नाही. याच्याआधीची पोरं आम्ही इथंच सांभाळलीत. औषध दिलं की रक्त गोठतं. मग जन्मभर जपायचं मात्र, मार लागू द्यायचा नाही.”

तो हसला की रडला, मला तळहातावरून कळलं नाही. पिशवी त्याने खाली ठेवली. तेवढ्यात पोराने मला ओढून घेतलं. बापाने मला त्याच्या मुठीतून अलगद सोडवलं, माझ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि खिडकीच्या दगडी कट्ट्यावर मला घासत बसला. इंजेक्शन येईपर्यंत माझे सगळे कोपरे गोल झाले होते. मग त्याने मला परत पोराच्या हातात दिलं. पोर निजल्यावर गडबडने मला पेटीत परत नेलं.

पुढे वर्गात पडद्यावर चित्रं दिसू लागली आणि आमची पेटी कपाटावर गेली. भावंडांचे कोपरे अजून शाबूत आहेत. झीज फक्त माझ्या खात्यावर दिसते, आणि ती मी जमेच्या बाजूला मांडतो.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसलीत तर उपकारच होतील. पण कुणाच्या हाती अवघड शब्द द्यायची वेळ आली, तर तो उघडून द्या आणि जरा वेळ तिथंच बसा. टोकं घासायला माणसाला वेळ लागतो.