सहा जणांचा बिल्ला

मी एक बिल्ला बोलतोय. सरकारी कागदात मला 'शौर्यपदक' म्हणतात, पण मालकीणबाईंनी पहिल्या दिवसापासून मला 'बिल्ला'च म्हटलं आणि मलाही तेच बरं वाटलं.

टाकसाळीत एका दणक्यात माझा जन्म झाला. तेव्हा लढाई सुरूसुद्धा झाली नव्हती. शूर कोण निघणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आम्ही बिल्ले खोकी भरून तयार होतो.

माझ्या नशिबी एक लाजाळू शिपाई आला. भल्यामोठ्या मैदानात बँड वाजला आणि कुणीतरी खणखणीत आवाजात वाचलं, "एकट्यानं शत्रूचे सहा सैनिक ठार केले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांची छाती अभिमानानं फुगली असेल, असं तुम्हाला वाटेल. मी त्याच छातीवर होतो. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी श्वास कोंडून धरला होता.

मग शाळांची बोलावणी यायला लागली. एकदा एका चिमुरडीनं विचारलं, "काका, त्या सहा जणांची नावं काय होती?" वर्गाच्या बाईंनी तिला घाईघाईनं खाली बसवलं आणि एका हुशार मुलाला उभं केलं. त्यानं बंदुकीचं वजन विचारलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

फौजेतून सुटल्यावर मालक तुरुंगात पहारेकरी झाले. गणवेशावर मला लावायचं, असा जेलरसाहेबांचा हुकूमच होता. तुरुंगाची शोभा वाढते म्हणे.

मालकांचा पहारा फाशीच्या कोठडीवर असे. आत एक सुतार होता. भांडणात त्यानं भागीदाराच्या डोक्यात हातोडा घातला होता. एक दिवस माझ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "तुम्ही किती?"

"सहा."

"मी एकच," सुतार म्हणाला. परीक्षेत मार्क कमी पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

पुढे सुताराला ताप भरला आणि सगळा तुरुंग हवालदिल झाला. आजारी माणसाला फाशी देता येत नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊ लागले, औषधं आली, दूध आलं. सख्ख्या भावाची करावी तशी सेवा करून त्याला मरणासाठी ठणठणीत केलं.

तेवढ्यात म्हातारा फाशी देणारा आजारी पडला. त्याच्यासाठी मात्र दूध आलं नाही. जेलरसाहेबांनी मालकांना बोलावलं.

"तुमच्यासारखा अनुभवी माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचं?"

"नाही जमणार, साहेब."

"का? सहा मारलेत की!"

"तिथं मी मारलं नसतं, तर त्यांनी मला मारलं असतं. ह्याचे तर हात तुम्ही मागे बांधून देणार."

"अहो, मग हे उलट सोपंच! ह्याचा गुन्हा कोर्टात शाबीत झालाय. तुमच्या त्या सहा जणांनी काय केलं होतं? खटला तरी चालला होता का त्यांच्यावर?"

मालक हळूच म्हणाले, "एक जण तर बुटाची नाडी बांधत होता, साहेब. मान वर करून बघितलंसुद्धा नाही त्यानं."

जेलरसाहेबांनी चटकन दार लावून घेतलं. "असलं बोलू नका. बिल्ला काढून घेतील तुमचा."

घरी मालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या. "अहो, नोकरी गेली तर?"

"जाऊ दे."

"मग जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा सदरा झटकला.

दुसऱ्या गावाहून माणूस आणून काम उरकलं. सगळं कायदेशीर झालं. डॉक्टरांनी नाडी बघितली, साहेबांनी सही केली आणि मग मंडळी नाश्त्याला गेली. आज्ञा मोडल्याबद्दल मालकांना कामावरून काढलं. शूर माणूस भित्रा निघाला, असं म्हणत लोक हसले.

कामाच्या त्या शेवटच्या दिवशी मालक फाटकावर उभे होते. सुताराची आई त्याचे कपडे न्यायला आली. गाठोडं छातीशी धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"हे कशाबद्दल मिळालं रे, बाळा?"

मालकांना खोटं बोलता आलं असतं. "माणसं मारल्याबद्दल, आई," ते म्हणाले.

म्हातारीच्या आवाजात टोमणा नव्हता. "मग तुझी आई सुखात असेल," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

मालकांनी मला तिथल्या तिथं छातीवरून काढलं. टाचणी बोटात घुसली, तरी थांबले नाहीत.

आता मी मालकीणबाईंच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या शेजारी असतो. लढाईच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्यात. परवा शाळेतून माणूस आला होता. मालकांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा कुणाच्या छातीवर लावू नका. लावायचंच असेल, तर बँडवाल्यांना घरी पाठवा, त्या सहा जणांच्या आयांना बोलवा आणि टाचणी त्यांच्या हातात द्या.