मी संधी, सांध्याच्या घरातली

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव संधी. तुम्ही मला ओळखता, पण अर्धेच. नोकरीची संधी, खेळायची संधी, आणि हातची गेली की हळहळायलाही पुन्हा मीच. माझे मूळचे काम मात्र निराळे होते. भांडलेल्या दोघांना एकत्र आणायचे, हे ते काम.

माझी घडण अगदी साधी आहे. संस्कृतात ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे. या दोघांतून मी झाले. दोन गोष्टी एकमेकींना लागून ठेवणे, एवढाच माझा अर्थ. तुमच्या गुडघ्यातला सांधा माझ्याच घराण्यातला, आणि फाटलेले सांधणे तेही आमच्याच घरचे. सांधेदुखीसुद्धा नात्यातलीच, पण तिचा विषय मी सहसा काढत नाही.

एके काळी माझा थाट होता. राजाने शत्रूशी वागायचे सहा मार्ग जुने जाणकार सांगत. त्यांत पहिले नाव माझे आणि लढाईचे माझ्यामागून. सैन्ये समोरासमोर उभी असताना कुणी मला आठवले, तर कितीतरी घरांतली माणसे धडधाकट घरी परतत. पुढे हे काम तह, समेट, सलोखा यांच्याकडे गेले. ती मंडळी चांगली आहेत, माझी तक्रार नाही. पण मला जाहिरातींत नेऊन उभे केले, याचे वाईट वाटते. शाळेत तर मुले मला पाहून कपाळाला आठ्या घालतात, कारण तिथे व्याकरणात मला सोडवायला सांगतात. जोडण्यासाठी जन्मले आणि नशिबी आले हे.

आम्ही शब्द माणसांच्या तोंडी राहतो, म्हणून घरोघरचे आम्हाला ठाऊक असते. त्यातले एका सुताराच्या घरचे सांगते.

सुताराला दोन मुलगे होते, दोघेही त्याच्याच हाताखाली तयार झालेले. वडील शेवटचे आजारी पडले तेव्हा धाकटा परगावी कामावर होता. तो पोचेपर्यंत सगळे उरकले होते. मला कळवले का नाही, असे त्याने विचारले. तुला एकदा विचारावेसे वाटले नाही का, असे थोरल्याने सुनावले. तिथून बोलणे तुटले. कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली. वडिलांच्या हातचे कामाचे लांब टेबल दोघांनी करवतीने मधोमध कापले आणि आपापल्या तुकड्याला दोन-दोन नवे पाय लावले. आई कधी एकाकडे जेवायची, कधी दुसऱ्याकडे. तिला दोन्हीकडचा घास कडू लागायचा. दिवसभर दोघांच्या तोंडी लाकडाच्या सांध्याचे नाव असे, माझे मात्र कुणाच्याच तोंडी नव्हते.

मग आईचे हृदय थकल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तिने दोन्ही मुलांना समोर बसवले.

“मी गेल्यावर मला न्यायला तुम्ही खांद्याला खांदा लावाल,” ती म्हणाली. “पण ते मला दिसणार नाही. टेबल आत्ता जोडा.”

भिंत उतरली. दोघांनी तुकडे सरकवून भिडवले आणि नवे पाय काढून टाकले. खालून पट्टी लावून स्क्रू मारू, म्हणजे कुणालाच आपली बाजू कापावी लागणार नाही, असे थोरल्याने सुचवले. धाकट्यालाही तेच हवे होते. काम चुटकीसरशी झाले. आई आली आणि टेबलावर भार देऊन उभी राहिली. टेबल मध्येच खचले, पट्टी करकरली, आणि आईला पडता पडता धाकट्याने सावरले.

“हे जोडलं नाहीत,” ती म्हणाली. “नुसतं टेकवलंत.”

खरा सांधा कसा करतात हे दोघांनाही पाठ होते. दोन्ही तुकड्यांची कडेची अर्धी जाडी काढायची, एकाची वरून आणि दुसऱ्याची खालून. मग एक दुसऱ्यावर नीट बसतो. त्यात दोघांचेही लाकूड जाते आणि टेबल थोडे आखूड होते.

थोरल्याने लाकूड कोरायची पटाशी उचलली, पण तो ती धरून नुसताच उभा राहिला.

“फोन मी मुद्दाम केला नाही,” तो म्हणाला. “बाबा सारखं तुझंच नाव घेत होते. मला ते सहन झालं नाही.”

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, त्या क्षणी मला फार भीती वाटली. आता हा पाठ फिरवून निघून जाईल आणि आईच्या देखत सगळे कायमचे संपेल, असे वाटले. पण तो टेबलाकडे वळला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्या तुकड्यावर रेघ मारली.

“ते आजारी आहेत हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “काम संपलं की जाऊ, असं म्हणत राहिलो. मला कुणी अडवलं नव्हतं.”

मग दोघांनीही आपापली बाजू कापली. सरस लावला, खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी आईने टेबलावरून हात फिरवला. बोटांना काही लागले नाही, पण रेघ दिसत होती. थोरला जरा ओशाळून म्हणाला की रंग देऊन झाकतो.

“दिसू दे,” आई म्हणाली.

त्यानंतर भुसा झटकून तिघे दुपारचे तिथेच जेवत. आई आणखी काही महिने जगली आणि दोन्ही मुलांच्या मध्ये बसून पोटभर जेवली. त्या घरात माझे नाव आजवर कुणी घेतलेले नाही. तरी माझा जन्म तिथे सार्थकी लागला, असे मी मानते.

मित्रांनो, मला जाहिरातीत वापरा, परीक्षेत खुशाल सोडवा. पण कुणाशी बोलणे तुटले असेल, तर माझा पहिला अर्थ आठवा आणि आधी आपल्या बाजूवर रेघ मारा. समोरचाही कदाचित हातात पटाशी धरून तुमचीच वाट पाहत उभा असेल.