डब्यातला खुळखुळा

माझ्या घराला स्लॅब नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात आमच्या चारी बाजूंनी चार-चार मजली होस्टेलं उभी राहिली, पण माझी खानावळ अजून पत्र्याखालीच चालते. बिल्डर येतात, चहा पितात आणि म्हणतात, "मावशी, एवढी मोक्याची जागा अन् वर पत्रे?" मी त्यांना दुसरा चहा विचारत नाही. उन्हाळ्यात पोळ्या लाटताना वरून आणि खालून दोन्हीकडून भाजून निघते, तरी स्लॅब नको म्हणजे नको. किल्लारीचा भूकंप ज्यांनी अंगावर घेतला त्यांना कारण सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगत बसायला मला वेळ नसतो.

दुसरी खोड म्हणजे डबा. भूकंपानंतर आमच्या किल्लारीकडच्या गावच्या बऱ्याच बायकांना ही सवय लागली. घर पडलं की घरातलं सगळं आतच राहतं, म्हणून नडीला लागणाऱ्या चार वस्तू घराबाहेर ठेवायच्या. माझा पत्र्याचा डबा कंपाउंडच्या भिंतीत, एका सैल विटेमागे असतो. त्यात टॉर्च, काडेपेटी, बिस्किटांचा पुडा, एक साडी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि माझ्या लेकीचा, तनुजाचा खुळखुळा. दर अमावस्येला डबा उघडायचा, बिस्किटं बदलायची, टॉर्च लावून बघायचा, आणि खुळखुळा एकदा हलवून परत ठेवायचा.

टॉर्च गेला तर दुसरा आणता येतो. खुळखुळ्याचं तसं नाही. भूकंपाच्या रात्री गणपती विसर्जनाला गेलेला माझा नवरा घरी परतलेला नव्हता, म्हणून वाचला. दगडी भिंतींच्या, मातीच्या माळवदाच्या घरात मी, तान्ही तनुजा आणि सासू-सासरे होतो. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात माती होती आणि एकच हात मोकळा होता. तनुजा माझ्या कुशीत, एका तुळईच्या आडोशाला. तिचा श्वास लागत होता. ओरडायला गेले तर घशातून आवाजच निघेना. हाताला हा पत्र्याचा खुळखुळा लागला, तो हलवत राहिले. वर माणसं आली, बोलली, पुढे गेली. मग एक माणूस ओरडला, "थांबा! आवाज येऊन राहिला! हाव, येऊन राहिला!"

त्याला मी तेवढ्या आवाजावरूनच ओळखते. बाहेर काढलं तेव्हा डोळे मातीनं भरलेले होते. दवाखान्यातून परतल्यावर मी गावभर विचारलं. कुणी म्हणालं, नांदेडकडून मदतीचे ट्रक आले होते, त्यातला असेल. 'हाव' म्हणायच्या ढंगावरून मलाही तसंच वाटलं. नाव कुणीच विचारून ठेवलं नव्हतं. सासू-सासरे गेले, त्यांचं रडून झालं. पण ज्याच्यामुळे मी आणि माझी लेक जगलो त्याला साधं 'तुमचे उपकार' म्हणायचं राहून गेलं, हे तीस वर्षं सलत होतं. तो खुळखुळा हलवला की वाटायचं, निदान याची तरी त्याच्याशी ओळख आहे.

तर मागच्या पावसाळ्यातली अमावस्या. वीट काढली, डबा उघडला, तर खुळखुळा नाही. त्याच्या जागी हिरवा प्लास्टिकचा बेडूक.

त्या संध्याकाळी मी सगळ्या पंगतीला उभं केलं. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी पोरं. बेडूक आतून-बाहेरून पाठ, पण हा बेडूक कुठून आला ते एकाला सांगता येईना. "अभ्यास करायला आलात का भिंती उकरायला?" असं बरंच बोलले. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. विसरले की मुद्दाम घातलं नाही, ते माझं मलाही ठाऊक नाही. पोरं बिचारी मुकाट्यानं जेवली.

दुसऱ्या दिवशी एक तरुण माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी लाटणं घेऊनच बाहेर आले.

"मावशी, मी शारिक. इथं क्लासला केमिस्ट्री शिकवतो. तुमच्या भिंतीतल्या डब्यातला खुळखुळा मी नेला."

"सर म्हणवता अन् चोऱ्या करता?"

"चोरी न्हाई मावशी, खेळ हाय तो. ऐकून तर घ्या."

त्याला जिओकॅशिंग म्हणतात म्हणे. कुणीतरी एक डबी लपवतो आणि तिचा ठावठिकाणा मोबाइलवर टाकतो. बाकीचे शोधत जातात. सापडली की आतल्या कागदावर सही करायची, एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची, आणि घेतलेली वस्तू पुढच्या डबीत सोडायची. कंधारचे ताहेरभाई म्हणून याच खेळातले एकजण, त्यांची मुलगी इकरा इथे ट्यूशनला होती. तिला भेटायला आले की ते गल्लीत वाट बघत बसायचे, तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या लिंबावर एक डबी लपवली होती. शारिक तीच शोधायला आलेला.

"ही उंच होस्टेलं हाईत ना, त्यांच्यामुळं सिग्नल आपटून आपटून येतो. नकाशानं मला तुमच्या भिंतीशी आणून सोडलं. वीट सैल दिसली, आत डबा, डब्यात खुळखुळा. मला वाटलं, सापडली!"

"आतलं रेशनकार्ड बघून तरी कळायचं!"

त्यानं मान खाली घातली. "सही करायचा कागद तोच असंल, असं वाटलं. त्याच्या मागं सही केली मी."

मी जाऊन बघितलं. झेरॉक्सच्या पाठीवर तारीख घालून झोकदार सही होती. हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही.

शोध लागल्याचं त्यानं मोबाइलवर लिहिलं, तेव्हा ताहेरभाईंचं उत्तर आलं की माझ्या डबीत खुळखुळा कधीच नव्हता, सर, तुम्ही कुणाचं घर उघडलं? तोवर उशीर झाला होता. रविवारी कंधारला जाऊन शारिकनं खुळखुळा त्यांच्याच तिथल्या डबीत ठेवूनही दिला होता. "उद्या जाऊन आणतो," तो म्हणाला.

"हात लावायचा न्हाई आता," मी म्हणाले. "माझा मी आणते."

"मावशी, ती डबी किल्ल्यात हाय. दगडी देवडीत, कमानीच्या आत."

मी घरात गेले आणि दार लावून घेतलं.

भूकंपापासून मी दगडी छताखाली पाऊल टाकलेलं नाही. देवळात गेले तर बाहेरूनच हात जोडते. तनुजाच्या लग्नात सगळं वऱ्हाड कार्यालयात आणि मी बाहेर शामियान्यात बसून होते. अक्षतासुद्धा तिथूनच टाकल्या. हे ज्या लेकीनं पाहिलंय, तिचा, खुळखुळ्याचं कळल्यावर, नांदेडहून फोन आला.

"आई, आणू दे ना सरांना."

"माझा खुळखुळा हाय."

"माझा हाय तो," तनुजा म्हणाली. "अन् मी सांगते, आणू दे."

खरं होतं तिचं. पण मी हट्टाला पेटले होते. आणि नुसता हट्टही नव्हता. भिऊन भिऊन मी कंटाळले होते. तो खुळखुळा दुसऱ्याच्या हातून घरी आला असता, तर ती भीती मरेपर्यंत माझ्याजवळच राहिली असती.

शारिकनं माझ्या मोबाइलवर तो खेळ घालून दिला आणि ताहेरभाईंचा नंबर दिला. दुपारची जेवणं आटोपली की ताहेरभाईंचा फोन यायचा. ते साठीचे, कंधारला त्यांचा फोटो स्टुडिओ. अख्ख्या मराठवाड्यात या खेळातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात मी एक वाढले याचाच त्यांना केवढा आनंद.

"किल्ल्याचं नंतर बघू, ताई. आधी लिंबावरची काढा. अन् एक ध्यानात ठेवा. नकाशा जवळ नेऊन सोडतो, बास. तिथून पुढं मोबाइल पिशवीत घाला अन् लपवणाऱ्याच्या जागी उभं राहा. मनाला विचारा, मी असते तर कुठं ठेवलं असतं?"

जन्मभर मुंग्यांपासून साखर आणि पोरांपासून लोणचं लपवत आले, मला हे काय अवघड! लिंबाच्या बेचक्यात, खोडाच्या रंगाचं फडकं गुंडाळलेली डबी हाताला लागली आणि मी भर रस्त्यात टाळी वाजवली. किती वर्षांनी असं काही निव्वळ मजेसाठी केलं होतं. कागदावर सही केली, 'सिंधु, खानावळवाली'. मग चटकच लागली. शारिकनं माझ्यासाठी मुद्दाम बागेत, पाण्याच्या टाकीजवळ, स्टेशनाकडच्या रस्त्यावर डब्या लपवल्या, आणि पोळ्या लाटतानाही माझ्या डोक्यात तेच असायचं.

दोघांनी मला खूप शिकवलं. दगडाखाली हात घालायच्या आधी काडी घालायची, विंचू असतो. कुणी बघत असेल तर फोन कानाला लावून भांडायचं, म्हणजे जवळ कुणी फिरकत नाही. हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. डबी जशी होती तशीच परत ठेवायची, कारण मागून येणाऱ्याचाही आनंद असतो.

मीही एक शिकवलं. पावसात आतले कागद भिजतात म्हणून ताहेरभाई कुरकुरत होते. मी म्हणाले, "मिठाच्या बरणीत घालतो तसे तांदूळ घाला की. फडक्यात पुरचुंडी बांधून."

"या अल्ला! इतकी वर्षं माझे कागद सडून राहिले, अन् हे कुणी सांगितलं न्हाई!"

आठवडाभरात सगळ्यांच्या डब्यांत माझी पुरचुंडी गेली. खानावळीतल्या बाईचं म्हणणं कुणी इतकं मनावर घेतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या दोघांना मी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसांत माझी झोपसुद्धा सुधारली होती.

दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावाला गेली, खानावळ बंद झाली, तेव्हा मी लोह्याला एसटी बदलून कंधारला उतरले. ताहेरभाई स्टँडवर न्यायला आले होते. अंगानं बारकेसे, डोक्यावर टोपी, चालताना गुडघ्यावर हात. चहा पाजला आणि रिक्षानं किल्ल्याशी नेलं. "किल्ल्याचा एक दगड हलवायचा न्हाई, हा आपला पहिला नियम. डबी नुसती ठेवलेली हाय," ते म्हणाले. खंदक ओलांडून आत गेलो. दरवाजाच्या कडेला पहारेकऱ्यांची देवडी होती. वर दगडी कमान आणि आत अंधार.

माझे पाय थांबले.

"मी आणू का, ताई?"

"न्हाई."

"मग मी हितंच उभा राहतो. तुम्ही आतून आवाज देत राहा, म्हणजे कळंल कुठवर गेलात ते."

मी आत गेले. दगडाचा तो गार वास नाकात भरला आणि सगळं अंग तीस वर्षं मागं गेलं. डोक्यावर दगड, बाजूला दगड. बाहेरून ताहेरभाईंनी हाक मारली, "ताई?" उत्तर द्यायला तोंड उघडलं तर घसा बंद. पुन्हा हाक आली, आता काळजीची. मला परत फिरता येईना आणि पुढेही जाता येईना. डोळे मिटले. मग त्यांचंच शिकवणं आठवलं. लपवणाऱ्याच्या जागी उभं राहा. लपवणारा कोण, तर गुडघ्यावर हात ठेवून चालणारा माणूस. तो कशाला खाली वाकेल? मी खांद्याच्या उंचीला भिंत चाचपली. दिवा ठेवायचा कोनाडा लागला. आधी काडी घातली, मग हात. डबी.

झाकण काढलं. खुळखुळा वरच होता. मी तो हलवला नाही. नुसता उचलला, तसा तो आपला आपण वाजला.

"आवाज येऊन राहिला!" बाहेरून ताहेरभाई ओरडले. "हाव ताई, येऊन राहिला!"

मी तिथेच, त्या दगडावर बसले. तेव्हाचा तो माणूस म्हणजे हे नव्हेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. फोनवरच विचारून झालं होतं. भूकंपाच्या साली ते हैदराबादला एका स्टुडिओत कामाला होते. तरी मी खुळखुळा हलवत राहिले, आणि तेही दर वेळी बाहेरून "येऊन राहिला, येऊन राहिला" म्हणत राहिले. वर दगड होता आणि मला भीती वाटत नव्हती.

मग उठले. डबीत बदल्यात तोच हिरवा बेडूक ठेवला, तांदळाची नवी पुरचुंडी ठेवली, सही केली आणि सगळं होतं तसं कोनाड्यात सारलं. बाहेर उन्हात ताहेरभाई कपाळ पुसत उभे होते.

"तुमचे लई उपकार झाले, भाऊ," मी म्हणाले. तीस वर्षं तोंडात धरून ठेवलेले शब्द, तसेच्या तसे बाहेर पडले. "माझ्यावर अन् माझ्या लेकीवर."

ते गोंधळले. "अहो, मी काय केलं? मी तर नुसता बाहेर उभा होतो."

"बाहेर कुणीतरी उभं असावं लागतं, ताहेरभाई," मी म्हणाले, आणि मग मात्र रडले. रडताना कुणी समजूत घातलेली मला खपत नाही. त्यांनी घातली नाही. पाण्याची बाटली पुढे केली, आणि माझं होईपर्यंत तिथेच उभे राहिले.