हातघाई

कागद तिसऱ्यांदा वाचून दुभाषीने तो टेबलावर पालथा घातला आणि चष्मा काढला. समोर ताई शेंगा सोलत बसली होती. आपल्या या धाकट्या बहिणीचा चेहरा पाहून तिने ताट बाजूला सारलं. बोलायचं तर हात रिकामे हवेत.

“काय झालं?” ताईच्या हातांनी विचारलं.

“शनिवारचं काम सोडते,” धाकटीने हातांनीच सांगितलं. “आईवर हात टाकणाऱ्याचं गाणं आहे.”

ताई जन्मापासून बहिरी. तिच्यामुळे धाकटी बोलायच्या आधी खुणा शिकली आणि पुढे त्यावरच तिचं पोट चालू लागलं. बावीस वर्षं ती दवाखान्यात, कोर्टात, बँकेत बहिऱ्या माणसांसमोर उभी राहून बोलणाऱ्यांचं म्हणणं हातांनी सांगत आली होती. एकाचं दुसऱ्यापर्यंत न्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिचा नेम. पण रॅपच्या कार्यक्रमाचं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. गायक होता ‘तोंडाळ’ या नावाने गाजलेला एक तरुण. पहिल्या रांगेत सहा बहिरे पाहुणे बसणार होते, आणि त्यांच्यासाठी त्याने स्वतः गाण्याचे शब्द लिहून पाठवले होते.

गाणं तिला माहीत होतंच. चार वर्षं पोरं ते रस्तोरस्ती ओरडत होती. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली होती. एकाने तर ‘जन्मदात्रीशी मारामारी करणाऱ्यांचं राष्ट्रगीत’ असं लिहिलं होतं. तोंडाळने एका शब्दानेही उत्तर दिलं नव्हतं.

ताईने कागद उलटा करून वाचायला घेतला.

*आई ऐकत नाही, माझी आई ऐकत नाही*
*घसा फोडून ओरडलो, मान वळवत नाही*
*घरात शब्दाला माझ्या कवडीची किंमत नाही*
*हातघाईवर आल्याशिवाय पान हलत नाही*
*शेवटी दिवा घालवला, तेव्हा कुठं भांडण मिटलं*
*जगानं डोक्यावर घेतलं, आईनं नाव ठेवलं*

वाचता वाचता ताईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. तिने दिव्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

“लहानपणी भांडणात हरायला लागलीस की तू काय करायचीस?”

दुभाषीला आठवलं. भांडणात ताई वरचढ ठरू लागली की ती उठून दिव्याचं बटण दाबायची. अंधारात हात दिसायचे नाहीत, आणि भांडण तिथंच संपायचं.

तिने कागद पुन्हा जवळ ओढला. घसा फोडला तरी मान न वळवणारी आई. जिथे बोललेल्या शब्दाला किंमत नाही असं घर. आणि हातघाई. हा शब्द तिने मारामारीशिवाय दुसऱ्या अर्थाने कधी ऐकलाच नव्हता. आता ती स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. रोज सकाळी कामाला निघताना याच टेबलाशी तिच्या आणि ताईच्या हातांची जी घाई चालायची, तिला दुसरं काय म्हणणार?

एकही शब्द अवघड नव्हता, एकही त्याने पिरगाळला नव्हता. सगळे घरात पायाखाली सापडावेत असे. भर चौकात त्याने आपलं घर उभं केलं होतं, दार सताड उघडं ठेवलं होतं, आणि चार वर्षांत आत कुणी डोकावलं नव्हतं. तीही नाही. तिला तर वाट माहीत होती.

“पण हे हातांनी सांगायचं कसं?” तिने ताईला विचारलं. “हट्टाने न ऐकणं वेगळी खूण, ऐकू न येणं वेगळी. एका खुणेत दोन्ही मावत नाहीत.”

“ओळ नीट बघ,” ताई म्हणाली आणि तिने दोन बोटं वर केली. ‘आई ऐकत नाही’ दोनदा होतं.

शनिवारी दुपारी सभागृह रिकामं होतं. माणसं वायरी ओढत होती. तोंडाळ रंगमंचाच्या काठावर पाय सोडून बसला होता. गाण्यात गुरगुरणारा हा पोरगा प्रत्यक्षात इतका हळू बोलत होता की दुभाषीला पुढे वाकावं लागलं.

“पहिल्या ओळीबद्दल विचारायचं होतं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा मी हट्टीपणा दाखवणार आहे. दुसऱ्यांदा...” आणि तिने कानाला बोट लावलं.

त्याने पाण्याची बाटली बाजूला ठेवली.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “तुम्ही पहिल्या.”

“मी नाही. माझी बहीण.” मग तिला राहवलं नाही. “सांगून का टाकलं नाहीत? एवढ्या शिव्या खाल्ल्या.”

“सांगितलं असतं तर लोकांनी आईची कीव केली असती. त्यापेक्षा मला मारकुटा म्हटलेलं बरं. पण मागच्या महिन्यात शेजारच्यांनी तिला कात्रण दाखवलं. मी तिला मारतो असं छापलेलं. तिने मला विचारलं, हे काय? मी समजावून सांगायला बसलो. माझ्या खुणा घरच्या, दूध, दार, ताप, परीक्षा एवढ्यापुरत्या. माझंच गाणं मला तिच्या भाषेत सांगता येईना. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

दुभाषीने मान हलवली. मग तिने कामाचं विचारलं.

“शेवटच्या ओळीतलं नाव. आईने ठेवलेलं, खुणेतलं. ते कसं करू?”

त्याने दोन बोटांची चिमूट हनुवटीवरच्या खळीला लावली आणि हलकेच फिरवली. तिने ती करून पाहिली. त्याने तिचा अंगठा जरासा खाली सरकवला.

संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दुभाषी काळा सदरा घालून रंगमंचाच्या कडेला उजेडात उभी राहिली. पहिल्या रांगेत मधोमध पांढऱ्या वेणीची एक काटक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्या मागे दीड हजार मुठी हवेत होत्या.

ढोल सुरू झाले. आई ऐकत नाही, सभागृह गरजलं. दुभाषीने हट्टी आई दाखवली. मग दुसऱ्यांदा, कानाशी बोट. पर्सवरचे हात सैल झाले.

हातघाईपाशी पोरांनी असा आवाज केला की फळ्या थरथरल्या. पहिली रांग त्याच क्षणी हसत होती. दिव्याच्या ओळीला त्या बाईने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली आणि लेकाकडे बोट करून काहीतरी भराभर सांगितलं. बहुधा त्याची जुनी खोडी. शेवटच्या ओळीला दुभाषीने चिमूट हनुवटीला लावली. बाईने तोंडावर हात ठेवला. ते नाव तिने आजवर फक्त स्वतःच्या हातात पाहिलं होतं. तोंडाळची तीच ओळ चुकली. गर्दीने ती त्याच्या वतीने म्हणून टाकली.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत ती बाई दुभाषीसमोर येऊन उभी राहिली. लेक भिंतीशी उभा होता, अजून घामाने निथळत.

“तुमचे हात स्वच्छ आहेत,” ती म्हणाली. “सगळं कळलं. पण मागचे लोक एवढे का चिडले होते? जमीन हादरत होती.”

“चिडले नव्हते,” दुभाषीने सांगितलं. “त्यांना गाणं फार आवडतं.”

“मग हसले का नाहीत?”

दुभाषी सवयीने प्रश्न बोलून दाखवायला वळली. पण लेकाने तो आईच्या हातांवरून वाचला होता. तो पुढे आला आणि आपल्या घरगुती, अडखळत्या हातांनी आईला म्हणाला, “त्यांना कळायला वेळ लागतो.”

आईने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. पोरं अजून गाणं ओरडत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडत होती.

“बिचारे,” ती म्हणाली.