ध्वनीचा दिवा

एकोणीसशे एकसष्टच्या हेमंतात तलासरीच्या माळावरील जमनाबेनच्या सिनेमाच्या तंबूत मुंबईहून दुसरे यंत्र आणि आवाजाचा नवा भोंगा आला. तोवर एकाच यंत्रावर चित्रपट चाले. एक रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे चढेपर्यंतच्या अवकाशात चैत्या पडद्यापुढच्या खोक्यावर उभा राहून झालेली कथा डोंगराकडच्या शेतकऱ्यांना त्यांच्या बोलीत सांगे. पडद्यावरची हिंदी त्यांना फारशी उमगत नसे. या निरूपणासाठीच ते दुरून चालत येत. चैत्याला सारे ‘सिनेमावाला’ म्हणत, आणि त्या मानावर तो प्रसन्न होता.

आता पहिल्या यंत्रावरचे रीळ संपताच दुसरे यंत्र सुरू होणार होते. अवकाशच उरणार नव्हता.

“मग मी बोलायचं कधी?” चैत्याने विचारले.

“घरी, बायकोपुढं,” यंत्रचालक नारू म्हणाला. तो चिखल्याच्या कोळीवाड्यातला. थट्टा त्याच्या जिभेवर सदैव ताजी.

“घरी ती बोलते,” चैत्या खिन्नपणे उत्तरला.

नारूने त्याला यंत्राचे अंतरंग दाखविले. फितीच्या कडेला एक नागमोडी रेषा होती. ध्वनीच्या लहानशा दिव्याचा प्रकाश तिच्यातून जाई आणि त्या प्रकाशाचाच पुढे शब्द होई. तेजातून नाद प्रकटतो हे पाहून चैत्याने हात जोडले. मनातली चिंता मात्र मिटली नाही.

खेळ सुरू झाला. पहिले रीळ संपताच सवयीने तो खोक्यावर चढला. दिवे लागले नाहीत. दुसऱ्या यंत्राचे चित्र त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले आणि नायिका त्याच्या पोटावर रडू लागली. तंबू हास्याने दुमदुमला.

हसू ओसरेपर्यंत कथा पुढे निघून गेली होती.

“चैत्या, ही दुसरी बाई कोन रं?” धोंडी म्हातारी ओरडली. “आन् पहिली मेली का माहेरी गेली?”

शेजारीपाजारी आपापले तर्क सांगू लागले. त्या गलक्यात पडद्यावरचा शब्द बुडाला. मागच्या रांगा उठू लागल्या.

“नारूभाई, काहीतरी करा!” जमनाबेन यंत्रांकडे धावल्या. “लोक चालले!”

नारूने ध्वनीचा दिवा मालवला. चित्र चालू राहिले, पात्रे मुकी झाली.

“बोल रे सिनेमावाल्या!” तो चैत्याला ओरडून म्हणाला.

चैत्याने आजवर घडून गेलेले सांगितले होते. घडत असलेले कधीच नाही.

“धोंडीबाय, पहिली माहेरी गेली. ही तिची थोरली बहीन,” तो चाचरत म्हणाला. इतक्यात पडद्यावर ती न्यायालयात उभी दिसली, न्यायाधीशाने ओठ हलविले आणि चैत्या गरजला, “काय गं, कुनाचं कोंबडं चोरलंस?”

“मी नाय जी, त्या मिशीवाल्यानं!” थोरल्या बहिणीचे उत्तरही त्यानेच दिले.

उठलेल्या रांगा खाली बसल्या. पुढे नारूने दिवा पुन्हा लावला, तेव्हा तंबूभर एकच आरोळी उठली, “विझव, विझव!”

नारूने हसत दिवा विझविला.

“मग मुंबईचा नवा भोंगा मी कशाला आणला?” जमनाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या.

तोच पडद्यावर वीणा छेडली गेली आणि नायिकेने मान वर करून ओठ उघडले. चैत्या यंत्रांकडे वळून ओरडला,

“पेटव रं नारू, झटकन! मला गाता येत नाय!”